मोकळा साहेब

लोकांची गुपितं सांभाळायच्या कामावर आमच्या साहेबांइतक्या मोठ्या आवाजाचा माणूस आजवर कुणी नेमला नसेल. कारखान्यात कुणाचं मन जड झालं, झोप उडाली, घरात-दारात काही बिनसलं, तर त्या माणसाला जवळ बसवायचं, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि ते बाहेर कुठं जाऊ द्यायचं नाही, हे त्यांचं काम. आणि गळा असा, की ते चंदीगडजवळच्या डेराबस्सीत शिंकले तर तिथून आठ-दहा किलोमीटरवरच्या झिरकपूरच्या चौकातला ट्रॅफिक हवालदार मागं वळून पाहील. मी हे प्रेमापोटी वाढवून सांगतो आहे असं कुणाला वाटलं तर माझी हरकत नाही. पण आमच्या कारखान्यात येऊन विचारा. तिथले लोक म्हणतील, यानं कमीच सांगितलं.

मी मूळचा सांगलीचा. बायकोला सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून चंदीगडला आलो आणि डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात गोळ्या-कॅप्सूल तपासायच्या विभागात लागलो. साहेब तिथं एच.आर.चे प्रमुख होते. पहिल्या दिवशी गेटवरचा शिपाई माझं नाव-गाव विचारत होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला, "सांगली का है? भेजो ऊपर." मी वर पाहिलं. सगळ्या खिडक्यांच्या काचा बंद होत्या. वर गेलो तर टेबलामागे एक ठेंगणा, गोल, टक्कल पडलेला गृहस्थ हसत बसलेला. "बसा भाऊ," ते म्हणाले, आणि टेबलावरची टाचणीची डबी थरथरली. "मी यवतमाळचा. आता आपन दोघं झालो. इथं मराठी बोलाले माहा जीव तरसून राह्यला होता."

आवाजाचं कारण त्यांनी स्वतःच मला सांगितलं. त्यांचं लहानपणाचं घर एका कापसाच्या जिनिंगला लागून होतं. हंगाम सुरू झाला की मशीनच्या घरघरीत घरात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. आई जेवायला बोलवायची तीही ओरडून, वडील रागवायचे तेही ओरडून, आणि रात्री आजी गोष्ट सांगायची तीही ओरडूनच. "मले वाटे, जगात सारे लोक असेच बोलतात," ते म्हणाले. "कॉलेजात गेलो तवा समजलं का बाकीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. तवापासून मले बाकीच्यायची दया येते." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, याच्या अगदी उलट. वहिनी बोलल्या की ओठ हललेले दिसायचे, शब्द मागाहून अंदाजानं लावून घ्यावे लागायचे. त्या घराला बोलण्याचा जो काही वाटा मिळाला होता तो साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळा उचलला असणार.

पंजाबात त्यांचं जमलं मात्र झकास. यवतमाळकडे वाक्यावाक्याला 'जी' लावतात आणि पंजाबातही लावतात, एवढ्या भांडवलावर त्यांनी पहिल्या आठवड्यातच जाहीर करून टाकलं होतं की पंजाबी आणि वऱ्हाडी या सख्ख्या बहिणी आहेत. मग ते कुणाशीही वऱ्हाडीत बोलत आणि मध्ये मध्ये 'जी' टाकत. समोरचाही पंजाबीत उत्तर देई, त्यातही 'जी' असे. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळलेलं नसे, पण दोघेही फार आदरानं बोलल्याच्या समाधानात पांगत. इंटरकॉम ते वापरत नसत. वापरत नसत म्हणजे, रिसीव्हर कानाला लावत. पण पलीकडचा माणूस रिसीव्हर उचलायच्या आधीच आपल्या जागेवरून "आया सर" म्हणून उठलेला असे. कुणाला निरोपाची पार्टी अचानक द्यायची ठरली की आम्ही साहेबांना सगळ्यांत शेवटी सांगत असू. तरीसुद्धा ज्याला पार्टी द्यायची तो नवा शर्ट घालूनच यायचा.

अशा माणसावर एक दिवस मुख्य कार्यालयाचा हुकूम आला, की प्रत्येक कारखान्यात कर्मचाऱ्यांच्या मनाच्या आरोग्यासाठी एक खोली हवी आणि तिथं एक शिकलेला माणूस हवा. शिकायला साहेबांनाच पाठवलं. एका हॉटेलात प्रशिक्षण झालं आणि ते परतले ते एखाद्याला दीक्षा मिळावी तसे होऊन. आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, आपन आतापर्यंत लोकायले सल्ला देत होतो. तो द्याचाच नाही म्हन्ते. फक्त आयकाचं. अन् त्यानं जे सांगतलं ते आपन त्याले परत बोलून दाखवाचं, म्हंजे त्याले समजते का आपन आयकलं." मी म्हटलं, छान आहे. त्या वाक्यात पुढं काय काय दडलं होतं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

खोली मिळाली ती कॅन्टीनला लागून असलेली, पूर्वी रिकाम्या खोक्यांची. मध्ये प्लायवूडची भिंत. साहेबांनी आत दोन खुर्च्या टाकल्या, पाण्याचा माठ ठेवला आणि दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'मन मोकळा करा'. मराठी चुकलं होतं, हिंदी झालं नव्हतं आणि पंजाबी तर नव्हतंच. मी म्हटलं, साहेब, इथं मोकळं म्हणजे काय ते कुणाला कळणार? ते म्हणाले, "इचारतील ना जी. इचाराले तरी येतील." पण विचारायला कुणी आलं नाही. लोकांनी परस्पर ठरवून टाकलं की मोकळा हे साहेबांचं आडनाव आहे. दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्या कारखान्याचे मोकळा साहेब झाले, आणि पुढं दिवाळीच्या मिठाईच्या डब्यांवरसुद्धा त्यांचं नाव तसंच छापून यायला लागलं.

पहिला माणूस आला तो पॅकिंगमधला हरजीत नावाचा सुपरवायझर. दुपारच्या जेवणाची वेळ. कॅन्टीन भरलेलं. हरजीत चोरपावलांनी आत शिरला, दार लावून घेतलं आणि अर्थातच कुजबुजत काहीतरी बोलला असणार, कारण आम्हाला काही ऐकू आलं नाही. मग प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे साहेबांनी ते त्याला परत बोलून दाखवलं. "मतलब आपको ऐसा लगता है, के ससुराल में रहते हो बोलके आपको दूसरी रोटी कोई नहीं पूछता." कॅन्टीनमधले चमचे जागच्या जागी थांबले. आत पुन्हा शांतता. पुन्हा साहेब: "और आप भूखा उठ जाते हो. और फिर नींद नहीं आती. और फिर ये सब आपको बताने में शरम आती है. बिल्कुल बराबर है. ये बात इस कमरे के बाहर नहीं जाएगी." बाहेर साठ-सत्तर माणसं राजमा-चावल पुढ्यात घेऊन खाली मान घालून बसली होती. हरजीत दार उघडून बाहेर आला तेव्हा प्रत्येक जण आपल्या ताटात काहीतरी हरवल्यासारखा शोधत होता.

दुसऱ्या दिवशी हरजीत जेवायला बसला. कॅन्टीनच्या आचाऱ्यानं त्याची पहिली पोळी संपायच्या आत काही न बोलता दुसरी वाढली. शेजारच्यानं आपल्या डब्यातला पराठा सरकवला. हरजीतनं वर पाहिलं, डोळे पुसले आणि जेवायला लागला. पुढं महिनाभर त्याला कारखान्यात जो भेटेल तो 'रोटी?' असं विचारी. थट्टेनं विचारणारेही होते, खोटं कशाला बोलू; पण तेही विचारल्यावर वाढत असत. काही दिवसांनी हरजीतची बायको गेटवर आली आणि शिपायाला म्हणाली, यांची पँट कमरेत बसत नाही, तुम्ही लोक यांना काय खायला घालता? तेव्हापासून तिच्या घरी हरजीतला दुसरी पोळी मिळायला लागली, असं ऐकलं. बहुधा ईर्षेनं.

त्यानंतर खोलीला गर्दी व्हायला लागली. हिशेब खात्यातल्या एका मुलीला तिच्या खातेप्रमुखांची ईमेल आली की ती उघडायचा दिवसभर धीर व्हायचा नाही. ते खातेप्रमुख त्या वेळी भिंतीपलीकडं दही खात होते. तेव्हापासून त्यांच्या ईमेलची सुरुवात 'नमस्ते बेटा'नं व्हायला लागली. मीही एकदा गेलो. माझं दुखणं छोटंसंच होतं. मुलीशी मी मराठीत बोलायचो आणि ती मला हिंदीत उत्तर द्यायची. संध्याकाळी घरी गेल्यावर आपलीच भाषा आपल्याकडे रिकामी परत येते, असं काहीसं मी म्हटलं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग खणखणीत परत बोलून दाखवलं, "म्हंजे तुमाले असं वाटते का पोरगी तुमची हाय, पन बोलनं तुमचं नाही." मी भीत भीत बाहेर आलो. कुणी मान वर केली नाही. शब्द सगळ्यांनी ऐकले होते, पण मराठी कुणालाच येत नव्हतं. त्या खोलीच्या इतिहासात गुप्त राहिलेली भेट एवढी एकच.

पण सगळंच असं हसण्यावारी जाणारं नव्हतं. माझ्याच विभागातला अमन नावाचा एक तरुण केमिस्ट होता. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि ते त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. तो खोलीत गेला आणि बाहेर आला तेव्हा सगळ्यांना ठाऊक झालेलं. आचाऱ्यानं त्याला खीर दिली. ती त्यानं तशीच ठेवली आणि त्या दिवसापासून कॅन्टीनला यायचा बंद झाला. डबा घेऊन एकटाच यंत्रांच्या मागं बसायचा. कुणीतरी मुख्य कार्यालयाला कळवलं. तिथून फोन आला, आणि साहेबांना मी प्रथमच फोनवर नुसतं ऐकताना पाहिलं. ठेवल्यावर म्हणाले, "बरोबर हाय त्यायचं. पोरानं मले इश्वासानं सांगतलं अन् मी दवंडी पिटली. मले वाटे, मी हळूच बोलून राह्यलो." हे खरंच होतं. त्या खोलीत ते त्यांच्या परीनं कुजबुजतच होते.

मग त्यांनी कुजबुजायचा सराव सुरू केला. वहिनींना समोर बसवून त्यांच्यासारखं बोलायला शिकत. वहिनींना हसू आवरत नसे. अमनची माफी मागायला ते त्याला घेऊन कारखान्यामागच्या हिरवळीवर गेले, तर तिथल्या टिटव्या ओरडत उडाल्या आणि माळी पाईप टाकून काय झालं बघायला धावला. मग त्यांना सुचलं की चारी बाजूंनी पाणी असेल तर कोण ऐकणार? एका रविवारी सकाळी ते अमनला सुखना तलावावर घेऊन आले. एकट्यानं यायला अमन तयार नव्हता, म्हणून मी. पायांनी चालवायची एक होडी घेतली. पुढं साहेब आणि मी पायडल मारतोय, मागं अमन तोंड फिरवून बसलेला. साहेबांचे पाय पायडलपर्यंत पुरत नव्हते, त्यामुळे होडी माझ्या बाजूनं पुढं जाई आणि त्यांच्या बाजूनं गोल फिरे. कसंबसं मध्यावर पोचल्यावर ते थांबले, घाम पुसला, आणि म्हणाले, "बेटा अमन, तेरी सगाई टूटी, ये बात मेरे से सब को पता चल गई. मेरी गलती है. मेरे को माफ कर दे."

शांत पाण्यावरून आवाज किती लांब जातो, हे जिनिंगजवळ वाढलेल्या माणसाला ठाऊक नसणारच. काठावर सकाळी फिरायला येणारे निवृत्त अधिकारी, काठ्या टेकत जाणारे आजोबा, ट्रॅकसूटमधल्या बायका, सगळं चंदीगड तिथं असतं. सगळे थांबले. काठावरून एका वृद्ध सरदारजींचा आवाज आला, "कर दे माफ पुत्तर, बंदा दिल दा चंगा लगदा है." मग दुसऱ्या बाजूनं एक बाई, "कुड़ी वालों ने तोड़ी या तुम लोगों ने?" साहेबांनी होडीतूनच उत्तर दिलं, "लड़की वालों ने जी." "लड़का करता क्या है?" "केमिस्ट है जी. बहुत अच्छा लड़का है." "कौन से सेक्टर में रहते हो?" मी साहेबांचा हात दाबत होतो, पण ते आता दोन्ही काठांना उत्तरं देत होते. होडी धक्क्याला लागली तेव्हा तिथं दोन काकू लग्नाच्या मुलींचे फोटो मोबाइलवर उघडून उभ्या होत्या. मी अमनकडे पाहिलं. तो पोट धरून हसत होता. इतका, की होडीतून उतरताना मला त्याला हात द्यावा लागला. त्या स्थळांचं पुढं काही झालं नाही, पण सोमवारी अमन कॅन्टीनला आला, साहेबांच्या समोर बसला आणि म्हणाला, "सर, अगली बार सिर्फ माफी माँगना. बायोडेटा मत देना."

मुख्य कार्यालयानं मग प्लायवूडच्या जागी विटांची भिंत बांधून दिली. आवाज तरी यायचाच, पण शब्द वेगळे ओळखू यायचे नाहीत. कॅन्टीनमधले लोक काही दिवस हिरमुसले होते.

या सगळ्या प्रकाराची सर्वांत जास्त टिंगल करायचे ते प्रॉडक्शनचे प्रमुख गिल साहेब. उंच, भरदार, पांढऱ्या दाढीचे. त्यांच्या नुसत्या बुटांच्या आवाजानं मशीनवरची माणसं ताठ व्हायची. "ओ जी, हम खेतों वाले लोग हैं. हमें ये मन-वन का कुछ नहीं होता," असं म्हणत ते त्या खोलीवरून जायचे. त्या हिवाळ्यात माझ्या लक्षात यायला लागलं, की ते सकाळी सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर आत जातात. माझ्या विभागाची खिडकी पार्किंगकडे आहे. धुक्यात त्यांची गाडी उभी, इंजिन बंद, आणि आत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गिल साहेब समोर बघत बसलेले. एकदा मी जाऊन काचेवर टकटक केली. काच खाली झाली. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. "किसी को बोलना मत," ते म्हणाले. "दिल के सारे टेस्ट करा लिए. सब ठीक है. बस उस दरवाज़े से अंदर जाने का सोचता हूँ तो साँस ऊपर नहीं आती. तीस साल से इसी दरवाज़े से जा रहा हूँ. मार्च के बाद नौकरी छोड़ दूँगा." मी विचारलं, एखाद्याला तरी सांगू का? ते म्हणाले, "जिसको मर्ज़ी. उस मोकळे को नहीं."

मी कुणालाच सांगितलं नाही. पण साहेबांनीही तीच गाडी पाहिली होती. एका सकाळी ते धुक्यातून मफलर गुंडाळून चालत आले, गिल साहेबांच्या गाडीचं दुसरं दार उघडलं आणि सरळ आत जाऊन बसले. मी खिडकीत श्वास रोखून उभा राहिलो. आता आवाज येणार, टिटव्या उडणार, सगळा कारखाना धावत येणार. काही झालं नाही. कितीतरी वेळ काही झालं नाही. दोघे काचेआड शेजारी शेजारी बसले होते आणि साहेबांचं तोंड बंद होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यानंतर बरेच दिवस. मग एक दिवस दोन्ही दारं एकदम उघडली आणि दोघे चालत आत गेले. गिल साहेब दाराशी थबकले तेव्हा साहेबही थबकले, ते पुढं झाले तसे साहेबही झाले. नंतर मी विचारलं, गाडीत काय करत होतात? "काही नाही जी. ट्रेनिंगमधी सांगतलं होतं का कधी कधी काहीच बोलाचं नाही. ते मले लय कठीन गेलं. जीभ दाताखाली धरून बसलो होतो. ते मोठ्यानं श्वास घेत, तवा मीबी घेत होतो." मग गंभीर होऊन म्हणाले, "पन हे आपल्या खोलीतलं काम नाही, भाऊ. डॉक्टर पाह्यजे."

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जायचं ठरलं. गाडी मी चालवणार होतो. गिल साहेबांनी एकच अट घातली, की मोकळा साहेब तिथं एक शब्दही बोलणार नाहीत. साहेबांनी कबूल केलं. आत गेलो तर ही गर्दी. कुठला विभाग कुठं, काही कळेना. गिल साहेब भिंतीकडे तोंड करून उभे, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. मी चौकशीच्या खिडकीशी गेलो आणि आतल्या माणसाला हळूच विचारलं. तो म्हणाला, "क्या?" मी पुन्हा विचारलं, आणखी हळू. तो म्हणाला, "ज़ोर से बोलिए, शोर बहुत है." मी मागं वळून पाहिलं, गिल साहेबांची पाठ पाहिली, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी खिडकीवर चिकटवलेलं वेळापत्रक वाचायला लागलो. साहेबांच्यानं ते बघवलं नाही. "अरे भाई," ते म्हणाले, "मन का डॉक्टर किधर बैठता है, वो पूछ रहे हैं."

सगळं दालन गप्प झालं. कुठंतरी एक मूल रडत होतं तेही थांबलं. गिल साहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि मग बाकावरून एक बाई उठली, शेजारच्या तरुण मुलाचा हात धरून. "हम भी सुबह से वही ढूँढ रहे हैं जी," ती म्हणाली. "पूछने की हिम्मत नहीं हुई." खांबाशी उभा असलेला एक पोलीस शिपाई टोपी काखेत धरून पुढं झाला. मग कॉलेजची एक मुलगी. मग एक म्हातारं जोडपं. खिडकीतल्या माणसानं बाहेर मान काढून रस्ता सांगितला. साहेब म्हणाले, "चलो फिर, सब साथ ही चलो," आणि ती वरात निघाली. पुढं साहेब, प्रत्येक वळणावर मोठ्यानं डावं-उजवं सांगत. मागं आम्ही सगळे. दाराशी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन ती फौज पाहिली आणि गिल साहेबांना विचारलं, "ये सब आपके साथ हैं?" गिल साहेबांनी मागं पाहिलं. त्या हिवाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "हाँ जी," ते म्हणाले, "अब तो हैं."

गिल साहेबांना उतार पडायला वेळ लागला. औषधं झाली, डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालं, मधले काही दिवस पुन्हा वाईट गेले. मार्च आला आणि गेला, पण नोकरी त्यांनी सोडली नाही. एकदा मशीनवरचा एक ऑपरेटर दाराबाहेरच घुटमळताना पाहून त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मैं भी जाता हूँ डॉक्टर के पास. तू भी चल." त्यानंतर मनाच्या खोलीवरून कुणी टिंगल करत गेल्याचं मला आठवत नाही.

साहेब निवृत्त झाले आणि यवतमाळला गेले. त्यांच्या जागी एक हुशार मुलगी आली आहे. ती सगळं नियमाप्रमाणे करते. फोनवर वेळ घ्यायची, आपलं दुखणं कुणाला कळत नाही. चांगलंच आहे ते. साहेब मला दर रविवारी फोन करायचे. मग दोन-दोन आठवडे फोन येईना. आला तर पाऊस-पाण्याचं थोडं बोलून ठेवायचे. एकदा वहिनींनी फोन केला. मी सवयीनं कान लावून ऐकत होतो, पण या वेळी शब्द स्पष्ट होते. "हे बोलून नाही राह्यले जी," त्या म्हणाल्या. "सकाळी उठतात अन् खाटेवरच बसून राह्यतात. जेवाची वासना नाही. मी बोलते तर म्हन्तात, मले काय झालं? मी तर दुसऱ्यायचं दुखनं पाह्यलेला मानूस."

मी हे गिल साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, यवतमाळला कसं जायचं? मी म्हटलं, नागपूरपर्यंत रेल्वे, पुढं बस. त्यांनी रजा टाकली आणि गेले. मराठीचा एक शब्द येत नाही, दिल्लीच्या पुढं कधी पाऊल टाकलेलं नाही. परतले तेव्हा मी त्यांना पार्किंगमध्येच गाठलं.

"तो डॉक्टर के पास जाने को तैयार नहीं था," गिल साहेब म्हणाले. "कहता था, मुझे सब पता है, मैं ही तो दूसरों को भेजता था. मैंने कहा, चलो, मुझे दिखाना है, मेरे साथ चलो. वहाँ जाकर उसका नाम लिखवा दिया."

"रागावले नाहीत?"

"नहीं. रो पड़ा." ते म्हणाले. "पूरे रास्ते कुछ नहीं बोला जी. मुझे ही बोलना पड़ा. मुझे कहाँ आता है बोलना. खेत का बोला, ट्रैक्टर का बोला, मेरे बाप ने मुझे कैसे मारा था वो बोला. जो आया बोलता गया. इतना मैं अपनी शादी में नहीं बोला." मग त्यांनी गाडीचं दार लावलं आणि सांगितलं, "वक़्त लगेगा. भाभीजी हैं साथ. मैं हर इतवार फोन करता हूँ."

आता साहेबांची औषधं चालू आहेत. वहिनी रोज सकाळी त्यांना शेताकडे फिरायला नेतात. रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला आहे, कधी ते करतात, कधी मी. बोलणं अजून मध्येच तुटतं. मग आम्ही दोघेही थोडा वेळ फोन धरून राहतो, आणि कुणीतरी पुन्हा सुरू करतं. मागच्या रविवारी बोलता बोलता त्यांना एकदा हसू आलं, कशावर ते आता आठवत नाही, आणि आतून बायकोनं विचारलं, "साहेबांचा फोन आहे का?"

शेजाऱ्यांच्या घरापर्यंत अजून त्यांचा आवाज जात नाही. पण आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो.